डेटोनाला निघताय? आधी रजा मोजा

फेब्रुवारी लागला की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी रायडर मंडळींचे फोन सुरू होतात. ‘यंदा डेटोनाला जायचं म्हणतोय. जॅकेट कोणतं घेऊ?’ मी उलट विचारतो, ‘रजा किती दिवसांची आहे?’ समोरचा गोंधळतो. थंडीचा आणि रजेचा काय संबंध?

पहिल्या वर्षी मलाही तो कळला नव्हता. चार दिवसांची रजा, दोन जायला नि दोन यायला, अशी माझी आखणी होती. व्हर्जिनियात ३६ फॅरनहाइटला पाऊस लागला. तिथेच थांबायला हवं होतं, पण पुढच्या मोटेलचे पैसे भरलेले होते आणि हातात मोकळा दिवस नव्हता. रिचमंडच्या पुढे एका पंपावर कार्ड आत सारलं, यंत्राने झिपकोड मागितला आणि माझ्या बोटांना ते पाच आकडे दाबता येईनात. चूक आकडा, पुन्हा कार्ड, पुन्हा चूक. झिपकोड दाबता येत नाही तो माणूस ताशी सत्तर मैलांवर क्लच आणि ब्रेक काय दाबणार होता? अंगावरचं जॅकेट चांगलं होतं. कमी पडली होती ती रजा.

मुळात ही अडचण डेटोनाची नाही, वाटेची आहे. डेटोना बाइक वीक हा मोटरसायकलवाल्यांचा मेळावा फ्लोरिडात फेब्रुवारी सरता-सरता किंवा मार्चच्या सुरुवातीला भरतो आणि दहा दिवस चालतो. याचं मूळ २४ जानेवारी १९३७ च्या पहिल्या ‘डेटोना २००’ शर्यतीत आहे. ३.२ मैलांच्या त्या फेरीत एक बाजू समुद्रकाठच्या वाळूची होती आणि दुसरी डांबरी रस्त्याची. एड क्रेट्झ ‘इंडियन’ मोटरसायकलवर ती जिंकला. महायुद्धामुळे १९४२ ते १९४६ शर्यत बंद होती, १९६१ पासून ती स्पीडवेवर होते. तिकडे तोवर वसंत आलेला असतो, दुपारचा पारा सेल्सिअसच्या विशीत असतो. आपण मात्र निघतो हिवाळ्यातून. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून डेटोनापर्यंत सुमारे हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर. त्यातला निम्मा रस्ता त्या दिवशी कोणत्या ऋतूत असेल, हे आदल्या आठवड्यात कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.

थंडी कुठे दबा धरते

आय-९५ हा महामार्ग सरळ दक्षिणेला जातो म्हणून वाटतं, जसजसं खाली जाऊ तसतशी ऊब वाढेल. वाढते, पण व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात ती दगा देऊ शकते. सह्याद्री जसा पावसाला अडवतो, तशी अ‍ॅपलाचियन डोंगररांग थंडीला अडवते. उत्तरेकडून आलेली जड, गार हवा डोंगराच्या पूर्व अंगाला पाचर ठोकल्यासारखी साचून राहते. तिच्यावरून समुद्राकडची दमट, उबदार हवा सरकते. वरून पडतो तो पाऊसच, पण जमिनीलगतच्या गार थरातून येऊन टेकला की तो गोठतो. रस्ता नुसता ओला दिसतो आणि असतो काचेचा. बर्फाच्या वादळात तुम्ही मुळातच निघणार नाही. फसवतो तो हा गोठणारा पाऊस.

पूल आधी गोठतात. रस्त्याला खालून जमिनीची ऊब मिळते, पुलाला वरून-खालून वाराच लागतो. या वाटेवर नद्या-खाड्यांना तोटा नाही. डेलावेअर मेमोरियल पूल आणि मेरीलँडमधला सस्क्वेहानावरचा पूल हे दोन्ही उंच आहेत आणि तिथे आडवा वारा गाडी शेजारच्या लेनकडे ढकलतो. पुलावर चढण्याआधीच वेग उतरवा. पुलावर गेल्यावर ब्रेक नाही, एकदम थ्रॉटल नाही, लेन बदलणं नाही.

मार्च आला म्हणजे सुटलो, असंही नाही. १२ ते १४ मार्च १९९३ च्या वादळाने फ्लोरिडापासून मेनपर्यंतचा अख्खा किनारा झोडपला होता. मार्च २०१८ मध्ये ईशान्येला तीन आठवड्यांत चार मोठी वादळं येऊन गेली. आय-९५ बंद पडला तर काय होतं, हे ३ जानेवारी २०२२ ला व्हर्जिनियात दिसलं. आधी पाऊस असल्याने रस्त्यावर वेळेत मीठ टाकता आलं नाही, मग जोराचा बर्फ झाला आणि फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास शेकडो वाहनं रात्रभर अडकली. सेनेटर टिम केन यांना त्यांच्या मोटारीत २७ तास काढावे लागले. मोटारीत निदान हीटर असतो.

मुक्काम आधी, वेग नंतर

वारकऱ्याला आषाढी एकादशी गाठावीच लागते, म्हणून पालखीचा एकेक मुक्काम आधीच ठरलेला असतो. डेटोनाला एकादशी नाही. दहा दिवसांत कधीही पोचा, मेन स्ट्रीटवर गाड्यांची रांग तशीच असते. पहिल्या शुक्रवारीच पोचायचं हा हट्ट आपला आपणच लावून घेतलेला असतो. तो सोडला की अर्धा धोका कमी होतो.

माझी आखणी आता तीन दिवसांची असते. पहिला दिवस एडिसन ते रिचमंड, सुमारे ३१० मैल. दुसरा रिचमंड ते साउथ कॅरोलायनातलं फ्लॉरेन्स, सुमारे २९० मैल. तिसरा फ्लॉरेन्स ते डेटोना, जवळपास ४०० मैल. थंडीतले पल्ले मुद्दाम आखूड ठेवलेत. ऊब लागल्यावर लांब पल्ला जमतो. चोवीस तासांत हजार मैल कापणाऱ्यांना आयर्न बट असोसिएशन ‘सॅडलसोर’चं प्रमाणपत्र देते. ती हौस जरूर करा, पण जूनमध्ये.

थंडीचा पल्ला सकाळी नऊनंतर सुरू करा आणि अंधार पडायच्या आत संपवा. पहाटे निघून ट्रॅफिक चुकवण्याची आपली सवय इथे उलटी पडते, कारण दिवसा वितळलेलं पाणी पहाटे गोठलेलं असतं.

या तीन दिवसांवर एक दिवस जाताना आणि एक दिवस येताना मोकळा ठेवा. म्हणजे डेटोनात दोन दिवस राहायचं असेल तर रजा आणि शनिवार-रविवार मिळून दहा दिवस लागतात. मिळत नसतील तर रॅलीतले दिवस कमी करा, वाटेतले नको. मोटेलचं आरक्षण संध्याकाळपर्यंत फुकट रद्द करता येईल असंच घ्या, दहा-पंधरा डॉलर जास्त पडले तरी. पैसे अडकले की माणूस हवामान न पाहता पुढे जातो. मी गेलो होतो. डेटोनातल्या खोल्या मात्र महिनोन्‌महिने आधी भरतात आणि त्या दहा दिवसांत महागही होतात. किनारा सोडून तासाभराच्या अंतरावर राहिलात तर खिशाला परवडतं.

निघायचं की थांबायचं, हे घरी ठरवा

थंडीने आखडलेलं डोकं चांगला निर्णय घेत नाही. म्हणून नियम घरी, गरम चहा पिताना लिहा आणि टँकबॅगेत ठेवा. माझे नियम असे आहेत:

• बाइकवरचा पारा ३७ फॅरनहाइटला, म्हणजे तीन सेल्सिअसच्या खाली आणि रस्ता ओला, तर पुढच्या एक्झिटला उतरायचं. सूचक आकडा हवेचा असतो, रस्ता त्याहून गार असू शकतो.

• हवामान खात्याने वाटेतल्या कोणत्याही टप्प्यासाठी गोठणाऱ्या पावसाचा इशारा दिला, तर तो टप्पा त्या दिवशी नाही. इशारा ‘हलका’ असला तरी नाही.

• समोरून येणाऱ्या मोटारींच्या चाकांतून पाणी उडणं थांबलं, पण रस्ता अजून ओलाच चमकतोय, तर ते पाणी नसेल. वेग हळूहळू कमी करून बाहेर पडायचं.

• गटात ज्याला सर्वांत जास्त थंडी वाजते तो म्हणेल तेव्हा थांबायचं. चर्चा नाही, चेष्टा तर अजिबात नाही.

अंदाज पाहतानाही एक युक्ती आहे. ‘रिचमंडचं हवामान’ पाहू नका. ‘रिचमंडचं दुपारी तीनचं हवामान’ पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर तासागणिक तक्ता असतो. कागदावर पाच-सहा गावं आणि तिथे आपण पोचू ती वेळ लिहा, प्रत्येकासमोर तापमान, पाऊस आणि वारा मांडा. वाटेत रस्त्यांची स्थिती फोनवर ५११ लावून कळते.

अंगावर काय

आकडे पाहा म्हणजे पटेल. हवेत ४० फॅरनहाइट असताना ताशी ६० मैलांचा वारा लागला तर उघड्या कातडीला २५, म्हणजे उणे चार सेल्सिअस जाणवतं. ३० असेल तर १०, म्हणजे उणे बारा. आपल्याकडे थंडीत पहाटे सायकलवर निघणारा दूधवाला स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र खोचायचा. त्याचं शास्त्र बरोबर होतं. आधी वारा अडवायचा, मग ऊब साठवायची.

सर्वांत आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचा हवा. सुती बनियन घरीच ठेवा. एकदा ओलं झालं की ते दिवसभर अंगाला चिकटून गारवा देतं. त्यावर फ्लीस, त्यावर वारा न शिरणारं रायडिंग जॅकेट. पावसाचा सूट थंडीतही वारा अडवायला कामी येतो, म्हणून पाऊस यायची वाट न पाहता तो सकाळीच चढवा. भर महामार्गाच्या कडेला एका पायावर उभं राहून पँट चढवणं हा वेगळाच अपघात आहे.

गळ्याला मफलर नको, त्याची टोकं वाऱ्यात सुटतात. कानटोपीऐवजी हेल्मेटखाली बसणारं पातळ बॅलाक्लाव्हा घ्या. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत पिनलॉकची दुसरी काच लावा. श्वासाची वाफ काचेवर गोठली की समोरचं काही दिसत नाही, आणि काच उघडली तर डोळ्यांत पाणी येतं.

बोटं हा खरा प्रश्न. गरम ग्रिप तळहात शेकते, पण वारा लागतो बोटांच्या मागच्या बाजूला. म्हणून आधी हँडलवर वारा अडवणारे गार्ड बसवा. विजेवर तापणारी जॅकेटं आणि हातमोजे ही चैन नव्हे. मात्र जॅकेट साधारण ७५ वॉट आणि हातमोजे २५ च्या आसपास खातात; मागे बायको किंवा नवरा बसणार असेल तर हिशेब दुप्पट. लहान किंवा जुन्या बाइकचा आल्टर्नेटर हे ओझं पेलतो का, हे आधी तपासा. नाहीतर ऊब मिळेल आणि बॅटरी बसेल. तापणारे मोजे बिघडले तर दुसरा साधा जाड जोड हवाच. डॉक्टर वापरतात ते पातळ रबरी हातमोजे आत घातले तर ओल्या मोज्यांतही तास-दीड तास निभावतो.

गाडीचं काय

तीन महिने गराजमध्ये झोपलेली गाडी थेट हजार मैलांना नेऊ नका. आठवडाभर आधी एखाद्या कोरड्या दिवशी पन्नास-साठ मैल फिरवा. गळती, बॅटरी, ब्रेक जे कुरकुरायचं ते घराजवळ कुरकुरू दे. लिथियम बॅटरी कडक थंडीत सुस्तावते, हे लक्षात ठेवा. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांपैकी काहींनी रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरलेलं असतं. ते काढून अँटिफ्रीझ भरा.

टायरमधली हवा दर दहा फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय बदलते. एडिसनला ३० फॅरनहाइटला बरोबर भरलेली हवा डेटोनाच्या ७५ ला चार-साडेचार पीएसआयने जास्त होते. म्हणून रोज सकाळी गार टायरवर मोजा, परतीला तर आवर्जून, कारण तेव्हा ती उलट कमी होत जाते. गार टायरची पकडही कमी असते. प्रत्येक थांब्यानंतरचे पहिले काही मैल, विशेषतः एक्झिटची वळणं, सांभाळून घ्या.

बर्फ नसला तरी मीठ असतं. रस्त्यावर पांढऱ्या समांतर रेघा दिसल्या की समजा, मिठाचं पाणी फवारलंय. कोरड्या मिठाची पूडही टायरखाली घसरते, आणि चेन व नटबोल्ट खाते ते वेगळंच. दक्षिणेत पहिल्या उबदार मुक्कामी गाडी साध्या पाण्याने धुवा, मग चेनला तेल द्या. जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका.

चाललेल्या वाटेवर

दर तासाने थांबा, गारठला नसलात तरी. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. रस्ता बंद झाला तर टाकीत अर्धी तरी राहील. मद्याने ऊब येते असं वाटतं, खरं तर ते शरीरातली ऊब बाहेर टाकतं. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून आठवणीने गरम पाणी, सूप, चहा घ्या. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी झकास टिकते. संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू हा तर या प्रवासासाठीच केलेला पदार्थ आहे, फक्त ते जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. बॅगेत दगड होतात.

प्रत्येक थांब्यावर अंगठा करंगळीला टेकवून पाहा. टेकत नसेल तर शरीर गारठतंय. आत जाऊन बसा, ओले कपडे बदला आणि बोटं नीट चालेपर्यंत उठू नका. सोबत्याची जीभ जड झाली, तो उगाच चिडू लागला, जॅकेटची चेन लावताना अडखळू लागला, तर त्याची किल्ली काढून घ्या. आणि थडथडणं अंग गरम न होताच थांबलं, तर मात्र ९११ लावायचा. तिथे चहा पुरत नाही.

दोन गोष्टी नियमांच्या. पुण्या-मुंबईत आपण दोन गाड्यांच्या मधून वाट काढतो. या वाटेवर ते चालत नाही, ट्रॅफिक तुंबलं तरी रांगेतच राहायचं. दुसरं हेल्मेटचं: न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जियात ते सर्वांना सक्तीचं आहे. फ्लोरिडात एकवीस वर्षांवरच्या आणि किमान दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा असलेल्या रायडरला सूट आहे, म्हणून तिथे हजारो लोक उघड्या डोक्याने दिसतील. ती सूट घेतलीच पाहिजे असं नाही.

खरी परीक्षा परतीची

जाताना आपण थंडीतून उबेकडे जातो. मैलागणिक परिस्थिती सुधारते. येताना उलट असतं. सकाळी टी-शर्टवर कॉफी पिऊन निघतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हर्जिनियात पुन्हा हिवाळ्यात शिरतो, ते थकलेल्या अंगाने, रात्री जागवलेल्या डोळ्यांनी आणि सोमवारच्या मीटिंगच्या धास्तीने. त्यातच मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं. तो बहुतेकदा रॅलीचा शेवटचा दिवस असतो. झोपेतला एक तास जातो आणि सकाळचा अंधार, गारवा एक तास लांबतो. शनिवारीच निघा, किंवा सोमवारी.

म्हणून दोन मोकळ्या दिवसांपैकी एकच मिळत असेल तर तो परतीसाठी ठेवा. जाताना हवा बिघडली तर गाडी वळवून घरी येता येतं. येताना घर पुढे असतं, आणि ते माणसाला ओढतं.

तेही जमत नसेल तर रेल्वे आहे. अ‍ॅमट्रॅकची ऑटो ट्रेन व्हर्जिनियातल्या लॉर्टनहून फ्लोरिडातल्या सॅनफर्डला एका रात्रीत जाते आणि मोटरसायकलही सोबत नेते. एडिसनहून लॉर्टन सव्वादोनशे मैलांच्या आसपास, सॅनफर्डहून डेटोना चाळीसेक मैल. वाटेतला सर्वांत लहरी पट्टा झोपेत पार होतो. दुचाकींना जागा मोजक्या असतात, तेव्हा आरक्षण लवकर करा. ‘ट्रेनने गाडी आणली? मग रायडर कसला?’ असं कोणीतरी म्हणेलच. म्हणू दे. त्याने झिपकोड दाबून दाखवावा.

तेव्हा रजेच्या अर्जावर एक दिवस जास्त लिहा. हवामानाने साथ दिली आणि तो वापरावाच लागला नाही, तरी वाया जात नाही. घरी पोचल्यावर गाडीचं मीठ धुवायला आणि मग दुपारभर झोपायला तो लागतोच.